परक्यांच्या ताटात : देवाने निवडलेली ‘नको ती’ माणसं आणि पहिल्या ख्रिस्ती मंडळीतले खाण्याचे नियम (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नवा करार वाचताना, विशेषतः ‘प्रेषितांची कृत्ये’ वाचताना, वाचक दोन ठिकाणी हमखास अडतात. देवाने भलत्याच माणसांना का निवडलं, ही पहिली जागा. मोशेच्या नियमशास्त्रातली खाण्याची बंधनं ख्रिस्ती लोकांनी कधी आणि का सोडली, ही दुसरी. हे दोन प्रश्न वेगळे मानून उत्तर शोधलं तर दोन्हीकडे घोळ होतो, म्हणून इथे ते एकत्र घेतले आहेत.

मुळात हे नियम काय होते?

लेवीय पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात बरीच यादी आहे. जमिनीवरचा जो प्राणी रवंथ करतो आणि ज्याचे खूर दुभंगलेले असतात, तो खायचा. दोन्ही खुणा हव्यात. उंट रवंथ करतो, पण खुरांत नापास. डुकराचे खूर दुभंगलेले, पण ते रवंथ करत नाही. पाण्यातलं ज्याला पर आणि खवले आहेत तेवढंच चालतं. शिकारी पक्षी नकोत. कीटक जवळजवळ सगळे वर्ज्य, टोळ मात्र चालतात. बाप्तिस्मा करणारा योहान टोळ आणि रानमध खात होता, तो नियम मोडत नव्हता. याशिवाय कोणत्याही प्राण्याचं रक्त खायचं नाही, आणि करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवायचं नाही.

पर आणि खवल्यांचा नियम मराठी वाचकाला अगदी परका नाही. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनवार तेली’, यांच्यात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाणारी एक कथा आहे. दावीद रहाबी नावाचा यहुदी पाहुणा आला. हे लोक खरंच यहुदी आहेत का, हे पाहायला त्याने बायकांपुढे मिसळीची मासळी ठेवली आणि शिजवायला सांगितली. बायकांनी बिनखवल्यांची मासळी बाजूला काढली आणि त्याची खात्री पटली. शिंगाळा, मुशी, कोळंबी एकीकडे आणि पापलेट, रावस दुसरीकडे, असंच काहीसं चित्र डोळ्यांपुढे येतं. गालील सरोवरातही बिनखवल्यांचा शिंगाळ्याच्या जातीचा मासा मिळतो. येशूचा शिष्य पेत्र तिथला कोळी. चांगले मासे भांड्यात आणि वाईट फेकून, हा येशूच्या दृष्टान्तातला काठावरचा प्रसंग पेत्राच्या हातांना रोजचाच असणार. पुढे यापो गावी त्याने जो नकार दिला तो वाचताना हे लक्षात ठेवा.

डुकराचंच एवढं का?

नियमशास्त्रात डुक्कर यादीतला एक प्राणी आहे, उंटापेक्षा वाईट वगैरे काही नाही. त्याला विशेष वजन आलं ते छळामुळे. इ.स.पू. १६७ च्या सुमारास सीरियाच्या अंत्युखस चौथा या ग्रीक राजाने यहुदी धर्माचरणावर बंदी घातली आणि डुकराचं मांस खायला लावणं ही निष्ठेची परीक्षा केली. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात एलाजार नावाच्या ९० वर्षांच्या शास्त्र्याची हकिकत आहे. ओळखीच्या अधिकाऱ्यांनी त्याला बाजूला घेऊन सुचवलं, की चालणारं मांस स्वतःच आणा, तेच खा, आणि डुकराचं खाल्लं असं फक्त दाखवा. म्हाताऱ्याने नकार दिला. या वयात सोंग केलं तर तरुण पोरं काय शिकतील, असं म्हणून तो मेला.

इ.स. ४० च्या सुमारासचा एक प्रसंगही सांगण्यासारखा आहे. अलेक्झांड्रियाच्या यहुद्यांचं शिष्टमंडळ घेऊन तत्त्वज्ञ फिलो रोमच्या कॅलिग्युला सम्राटापुढे गेला. लोकांच्या जिवावर बेतलेलं गाऱ्हाणं होतं. सम्राट बंगल्याच्या खोल्या न्याहाळत हिंडत होता, मंडळी मागे मागे. मध्येच वळून त्याने विचारलं, ‘तुम्ही डुक्कर का खात नाही?’ दरबारी खो-खो हसले. एकाने सांगून पाहिलं, की पुष्कळ लोक कोकरूही खात नाहीत. सम्राट म्हणाला, बरोबरच आहे, ते चवीला चांगलं नसतं. पेत्र आणि कर्नेल्य नावाचा रोमी शताधिपती (शंभरेक शिपायांवरचा अधिकारी) यांची भेट, जी पुढे येते, साधारण याच काळातली. यहुद्याचं ताट हा रोमी लोकांच्या थट्टेचा विषय होता, आणि बोलावणं आलं ते रोमी अधिकाऱ्याकडून.

पण येशूनेच सगळं अन्न शुद्ध ठरवलं होतं ना?

मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात तसं वाक्य आहे, पण ते येशूच्या तोंडचं नाही, मार्कने कथनात घातलेलं आहे. वाद होता हात न धुता जेवण्यावरून. बाहेरून पोटात जातं त्याने माणूस विटाळत नाही, आतून निघतं त्याने विटाळतो, असं येशू म्हणाला. मार्कने पुढे तात्पर्य जोडलं, की अशा रीतीने त्याने सर्व अन्न शुद्ध ठरवलं. हे तात्पर्य शिष्यांना त्याच दिवशी कळलं असतं तर काही वर्षांनी पेत्र ‘निषिद्ध असं मी कधीच काही खाल्लेलं नाही’ म्हणाला नसता. मार्क लिहितो तेव्हा मधली भांडणं होऊन गेलेली आहेत. तो मागे वळून पाहतो आहे, असं मला वाटतं.

यापोला गच्चीवर नेमकं काय घडलं?

कृत्यांचा दहावा अध्याय सावकाश वाचा. या पुस्तकाचा लेखक लूक, त्याने एकही तपशील उगाच घातलेला नाही.

पेत्र उतरला आहे शिमोन नावाच्या कातडी कमावणाऱ्याच्या घरी, समुद्राकाठी. या धंद्याला लोक नाक मुरडत. इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी नियमग्रंथामध्ये नियम आहे, की चामडं कमावण्याची जागा गावापासून निदान ५० हात लांब आणि गावाच्या पूर्वेलाच हवी. नवऱ्याच्या अंगाचा वास सहन होत नाही म्हणून या धंद्यातल्याची बायको काडीमोड मागू शकते, असंही तिथे आहे. मेलेल्या जनावरांची कातडी, चुना, घाण पाणी, आणि अशा घरात प्रेषितांचा म्होरक्या मुक्कामाला. म्हणजे गच्चीवर जो दृष्टान्त (साक्षात्कार) झाला त्याच्या आधीच तो अर्ध्या वाटेवर आला होता. पण अर्ध्याच, कारण शिमोन कितीही नावडता असला तरी आपल्यातलाच.

दुपारी बाराचा सुमार. पेत्र गच्चीवर प्रार्थनेला गेला, भूक लागली, खाली स्वयंपाक चालू होता. तेवढ्यात आकाशातून चार कोपऱ्यांनी सोडलेली मोठी चादर उतरली. तीत चतुष्पाद, सरपटणारे जीव, पाखरं, सगळं एकत्र. आवाज आला, ‘ऊठ, मार आणि खा.’ पेत्र म्हणाला, ‘नको, नको, प्रभू.’ असं तीनदा झालं. हाच पेत्र येशूला अटक झाली त्या रात्री कोंबडा आरवायच्या आत तीनदा ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणाला होता. तीनचा आकडा त्याच्या पाठीच लागला आहे.

चादरीचा अर्थ काय, या विचारात तो असतानाच दारात तीन माणसं उभी राहिली. दोन घरगडी आणि एक शिपाई, कर्नेल्याने कैसरीयाहून पाठवलेले. पेत्राला अजून कोडं सुटलेलं नाही, पण त्याने त्यांना घरात घेतलं आणि रात्री ठेवून घेतलं. माझ्या मते गोष्ट इथेच फिरली. दुसऱ्या दिवशी यापोतले सहा भाऊ सोबत घेऊन तो सुमारे ५० किलोमीटरवरच्या कैसरीयाला निघाला. साक्षीदार बरोबर नेले, म्हणजे पुढे जाब द्यावा लागणार याची कल्पना त्याला होती.

आणखी एक गंमत. याच यापो बंदरातून जुन्या करारातला संदेष्टा योना तार्शीशला पळाला होता, कारण परक्या निनवेला देवाचा निरोप द्यायचा नव्हता. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू पेत्राला ‘शिमोन, योनाच्या मुला’ अशी हाक मारतो.

कर्नेल्य तर दानधर्म करणारा भक्त होता. त्याच्या निवडीत नवल ते काय?

नवल त्याच्या वर्दीत आहे. तो इटलीच्या पलटणीतला शताधिपती. हेरोदाने बांधलेलं कैसरीया हे रोमी सुभेदाराचं ठाणं. पिलाताचं नाव कोरलेला दगड १९६१ साली तिथेच सापडला. यहुद्यांच्या लेखी ती परकी सत्ता आणि तिची छावणी. इ.स. ६६ मध्ये याच शहरात यहुदी आणि परराष्ट्रीय (म्हणजे यहुदी नसलेले) यांच्यात ठिणगी पडली आणि युद्ध पेटलं. एका तासात २०,००० यहुदी मारले गेले असा आकडा यहुदी इतिहासकार जोसेफस देतो. लूकचं पुस्तक बहुतेक अभ्यासक त्या युद्धानंतरचं मानतात. तसं असेल तर कैसरीयाच्या शताधिपतीवर पवित्र आत्मा उतरला हे वाक्य त्याच्या पहिल्या वाचकांनी सहज गिळलं नसणार.

पेत्र बोलतच होता तेवढ्यात आत्मा उतरला. उपदेश पुरा व्हायची, सुंता व्हायची, कसलीच वाट पाहिली गेली नाही. सोबतचे सहा जण थक्क झाले.

मग पेत्राने तिथे डुक्कर खाल्लं का?

मजकूर याबद्दल गप्प आहे, आणि ते योग्यच वाटतं. यरुशलेमला परतल्यावर पेत्रावर आरोप झाला तो अकराव्या अध्यायात आहे : तू सुंता न झालेल्या माणसांकडे गेलास आणि त्यांच्याबरोबर जेवलास. काय जेवलास, हे कोणी विचारलेलं नाही. कर्नेल्याच्या घरात शिरताच पेत्राने स्वतः दृष्टान्ताचा जो अर्थ सांगितला त्यातही अन्न नाही : कोणत्याही माणसाला निषिद्ध किंवा अशुद्ध म्हणू नये, असं देवाने मला दाखवलं. चादर जनावरांची होती, पण धडा माणसांचा निघाला.

ज्याला पंक्तिभेद ठाऊक आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. ताटात काय वाढलं यापेक्षा शेजारच्या पाटावर कोण बसलं, यावरून माणसं उठून जातात.

अशी अनपेक्षितपणे निवडलेली आणखी कोण माणसं कृत्यांत आहेत?

यादी लांब आहे. लक्ष ठेवायचं ते त्यांच्या गोष्टींतल्या जेवणाकडे.

शौल, म्हणजेच पुढचा प्रेषित पौल, मंडळीचा छळ करत दिमिष्काला (दमास्कसला) निघाला होता. वाटेत आंधळा झाला, तीन दिवस अन्नपाण्याला शिवला नाही. ज्यांना पकडायला आला होता त्यांच्यातल्याच हनन्याने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग तो जेवला. कोणाच्या हातचं जेवला, याचा विचार करा. फिलिप्पैची लुदिया जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी, मूळची थुवतीराची. बाप्तिस्मा होताच तिने पौलाला पेचात धरलं : मला प्रभूची खरी समजत असाल तर माझ्या घरी येऊन राहा. नुसतं ‘तुझं तारण झालं’ म्हणून पुढच्या गावाला जायची सोय तिने ठेवली नाही. त्याच गावचा तुरुंगाधिकारी रात्री आत्महत्या करायला निघाला होता. उजाडायच्या आत त्याने कैद्यांच्या जखमा धुतल्या, त्यांना घरी नेलं आणि पुढे ताट मांडलं.

ही रीत शुभवर्तमानांत आधीपासून आहे. जकातदार लेवीला येशूचं बोलावणं आलं, त्याने नोकरी सोडली आणि लगेच मोठी मेजवानी दिली. टीका मेजवानीवर झाली.

कूशी (मूळ ग्रीक मजकुरात ‘इथिओपी’) षंढाची गोष्ट मात्र या साच्यात बसत नाही. कांदके राणीचा खजिनदार, रथात बसून यशया वाचणारा. षंढाला देवाच्या मंडळीत प्रवेश नाही असं जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात म्हटलं आहे. तोच माणूस वाटेतलं पाणी पाहून विचारतो, ‘मला बाप्तिस्मा घ्यायला काय अडचण आहे?’ अडचण निघाली नाही. जेवणही झालं नाही, तो आनंदाने आपल्या वाटेने गेला.

यरुशलेमच्या सभेत काय ठरलं?

इ.स. ४९ च्या सुमारास ही बैठक झाली. परराष्ट्रीयांवर सुंता आणि सगळं नियमशास्त्र लादायचं का, हा मुद्दा होता. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याने निवाडा दिला : लादायचं नाही, पण चार गोष्टी टाळाव्यात. मूर्तींना वाहिलेलं, रक्त, गळा दाबून मारलेलं आणि जारकर्म.

ही चौकडी विचित्र वाटते. पण लेवीयाचे १७ आणि १८ हे अध्याय वाचले तर इस्राएलात राहणाऱ्या ‘उपऱ्या’ माणसालाही लागू असलेले नियम साधारण हेच आणि याच क्रमाने आहेत. म्हणजे परक्यांना यहुदी न बनवता, यहुदी माणूस त्यांच्या शेजारी बसून जेवू शकेल एवढी किमान व्यवस्था. पुष्कळ अभ्यासक असंच वाचतात, मलाही ते पटतं. काही जुन्या हस्तलिखितांच्या लेखनिकांना मात्र हा संदर्भ हरवलेला दिसतो. ‘बेझा’ या हस्तलिखितात गळा दाबून मारलेल्याचा उल्लेखच नाही. त्याऐवजी आपल्याला नको ते दुसऱ्याला करू नये, असा नीतीचा नियम आला आहे.

मग पेत्र आणि पौल यांचं भांडण कशावरून?

अंत्युखिया शहरात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत होता. याकोबाकडून काही मंडळी आली आणि तो हळूहळू मागे सरला, वेगळा बसू लागला. त्याचं पाहून बाकीचे यहुदीही, एवढंच काय, पौलाचा सोबती बर्णबासुद्धा. पौलाने सगळ्यांदेखत पेत्राला तोंडावर सुनावलं. हे गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौलच सांगतो. पेत्राची बाजू आपल्याकडे नाही. पेत्र नमला असंही पौल कुठे म्हणत नाही, आणि नमला असता तर पौलाने ते नक्कीच लिहिलं असतं. ज्याला गच्चीवर दृष्टान्त झाला तोच पाहुण्यांना पाहून उठला. ओळखीची माणसं बघत असताना पंगत सांभाळणं त्यालाही जड गेलं.

मूर्तीला वाहिलेलं मांस, म्हणजे आपल्याकडचा प्रसाद, यावर पौल काय म्हणतो?

मराठी ख्रिस्ती घरांतला हा सदाचा प्रश्न. शेजारून दिवाळीचा फराळ येतो, गणपतीचा मोदक येतो.

करिंथ या ग्रीक शहरात मांसबाजार होता आणि देवळांना लागून जेवणाच्या खोल्या होत्या. बळीचं मांस दोन्हीकडे पोहोचायचं. तिथल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल तीन प्रसंग वेगळे करतो. बाजारात मिळेल ते खा, चौकशा करू नका. कोणी जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते खा. पण ‘हे मूर्तीला वाहिलेलं आहे’ असं कोणी मुद्दाम सांगितलं, तर सांगणाऱ्याच्या मनाखातर खाऊ नका. देवळातल्या यज्ञाच्या पंगतीला मात्र बसू नका. त्याच्या मते मूर्ती काही नाही, पण माझ्या खाण्याने भाऊ अडखळत असेल तर मी मांसाला शिवणारच नाही, इथवर तो जातो.

याच पत्राच्या सुरुवातीला तो करिंथकरांना आठवण देतो, की तुमच्यात फार ज्ञानी, फार बलवान, फार कुलीन लोक नाहीत. जगाने हीन मानलेल्यांना देवाने निवडलं. आणि अकराव्या अध्यायात त्याच माणसांच्या प्रभुभोजनाची दशा : एक उपाशी, एक पिऊन तर्र. निवडलेल्या हीनांनी आपल्याहून हीन शोधून काढले होते.

फराळाबद्दल थेट उत्तर हवं असेल तर ते मंडळीगणिक बदलतं. फराळ आणि नैवेद्य यांत पुष्कळ घरं फरक करतात. पौलाची कसोटी लावली तर करंजी आनंदाने खावी.

मांस न घेण्याचा परिणाम बाजारावर दिसेल इतपत झाला होता. इ.स. ११२ च्या सुमारास बिथुनिया या रोमी प्रांताचा सुभेदार प्लिनी सम्राट त्रायानाला कळवतो, की ज्याला गिऱ्हाईकच मिळत नव्हतं ते बळीचं मांस आता पुन्हा खपू लागलं आहे.

ख्रिस्ती माणूस शाकाहारी राहू शकतो का?

राहू शकतो. रोमच्या मंडळीत फक्त भाजीपाला खाणारे होते. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये, असं पौल लिहितो. आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि तिथेही त्या शाकाहारीच राहिल्या. पुढे १८८९ साली सुरू केलेल्या शारदा सदनात हिंदू मुलींना आपापले खाण्यापिण्याचे नियम पाळायची मोकळीक होती.

रक्ताचं बंधन खरंच कोणी पाळलं का?

पाळलं, आणि बराच काळ. सर्वांत बोलकं उदाहरण १७७ सालचं, गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, लियों शहरातलं. ख्रिस्ती लोक मुलं मारून खातात अशी अफवा होती. बिब्लिस नावाच्या बाईने भीतीने विश्वास नाकारला होता. ती कच्ची आहे असं पाहून अधिकाऱ्यांनी इतरांविरुद्ध कबुली काढायला तिचाच छळ केला. त्या यातनांत ती जणू झोपेतून जागी झाली आणि म्हणाली, ज्यांना मुक्या जनावराचं रक्तसुद्धा खायची मुभा नाही ते मुलं कशी खातील? ती हुतात्म्यांत गणली गेली. तिथल्या मंडळ्यांचं पत्र इतिहासकार युसेबियसने जपून ठेवलं म्हणून हे आपल्याला कळतं. पुढे वीस वर्षांनी उत्तर आफ्रिकेतला ख्रिस्ती लेखक तर्तुलियन लिहितो, की ख्रिस्ती माणूस ओळखायला त्याच्यापुढे रक्त भरलेलं आतडं ठेवलं जाई.

मग आज रक्ती किंवा सोरपोतेल चालतं का?

तुम्ही कोणत्या मंडळीतले, त्यावर आहे. पूर्वेकडच्या मंडळीने ६९२ सालच्या ट्रुलोच्या परिषदेत रक्ताची बंदी पुन्हा बजावली. पश्चिमेत ती हळूहळू सैल झाली. यहुदी आणि परराष्ट्रीय एका मंडळीत आणताना जे कारण होतं ते आता उरलेलं नाही, असं १४४२ साली फ्लॉरेन्सच्या परिषदेने स्पष्ट केलं. गोव्यात पोर्तुगीजांबरोबर आला तो हाच पश्चिमेचा संप्रदाय. म्हणून जुन्या पद्धतीच्या सोरपोतेलात डुकराचं मांस आणि काळजाबरोबर रक्तही पडतं, आणि ते नाताळाला जेवणात असतं. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स मंडळीत मात्र आजही डुक्कर वर्ज्य आहे. ते लोक कूशी खजिनदाराला आपला मानतात.